मिचेलबाईंचे घर

दरवर्षी ३ जानेवारी उजाडला की महाराष्ट्रातील शाळाशाळांतून सावित्रीबाई फुले यांच्या प्रतिमेस हार घातला जातो, मुलींची भाषणे होतात आणि त्या भाषणांत बहुधा एक वाक्य ठरलेले असते. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण अहमदनगर येथे मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले, असे चरित्रकार सांगतात. बोलणारी मुलगी ते वाक्य पाठ म्हणून पुढे जाते. ऐकणारेही पुढे जातात. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच पुढे जात होतो.

परंतु कधीतरी थांबून विचार करावा, असे ते वाक्य आहे. मिस फरार यांचे नाव सिंथिया होते, हे आपणांस ठाऊक आहे. त्या अविवाहित होत्या, अमेरिकेहून १८२७ साली मुंबईस आल्या, पुढे नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये या देशातच निवर्तल्या. मग या मिसेस मिचेल कोण? मराठी चरित्रग्रंथांत त्या बहुतेक ठिकाणी एवढ्याच नावाने येतात आणि लगेच निघून जातात. ‘मिसेस’ हे नाव नव्हे, आणि ‘मिचेल’ हे तर नवऱ्याचे आडनाव. ज्या स्त्रीच्या शाळेत आधुनिक महाराष्ट्राची आद्य शिक्षिका शिकवायला शिकली, तिची आपल्या स्मरणातील नोंद अशी अर्धीच राहिली आहे. त्या अर्ध्या नोंदीमागे एक घर होते आणि त्या घरात एक नवरा-बायको आपले आयुष्य खर्च करीत होते. त्यांच्याविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमच्या कॅथलिक वाचकांस हा विषय थोडा परका वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. ‘मिशनरी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या झग्यातील फादर उभे राहतात, किंवा शाळेच्या व्हरांड्यातून झपझप चालणाऱ्या सिस्टर. दोघेही व्रतस्थ, दोघांनाही संसार नाही. पुण्याचीच गोष्ट घ्यावी. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९२ च्या सुमारास, पेशव्यांच्या लष्करातील ख्रिस्ती शिपायांसाठी मिळालेल्या जागेवर आपले सिटी चर्च उभे राहिले, तेही धर्मगुरूंच्या आधाराने. जीझस अँड मेरी संघाच्या धर्मभगिनी पुण्यास आल्या त्या १८६० मध्ये, सेंट व्हिन्सेंट शाळा निघाली ती १८६७ मध्ये, आणि पुण्याचा धर्मप्रांत स्थापन झाला तो १८८६ मध्ये. या साऱ्या इतिहासात ‘मिशनरी दांपत्य’ असा शब्दप्रयोग कोठेच येत नाही. तो आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या इतिहासातला शब्द आहे.

तथापि तो नव्या करारालाही परका नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात अक्विला आणि प्रिस्किल्ला हे तंबू शिवणारे जोडपे आपल्याला भेटते. रोममधून निघावे लागलेले हे नवरा-बायको करिंथ येथे संत पौलाला आपल्या घरी ठेवून घेतात, त्याच्याबरोबर काम करतात, पुढे एफिसला जातात आणि अपोल्लोससारख्या विद्वानाला दोघे मिळून मार्ग समजावून देतात. नव्या करारात हे जोडपे नेहमी एकत्र येते, आणि पुष्कळदा बायकोचे नाव आधी येते. ख्रिस्तसभेच्या आरंभकाळी घर हेच मंदिर होते आणि गृहिणी ही केवळ यजमानीण नव्हती, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

आता मिचेल दांपत्याकडे वळू. १८१३ च्या सनदेनंतर कंपनी सरकारच्या मुलखात मिशनऱ्यांस येण्याची वाट मोकळी झाली. १७९६ साली एडिंबरो येथे स्थापन झालेल्या स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ मध्ये आपली पहिली माणसे मुंबई इलाख्यात पाठविली. पहिले डोनाल्ड मिचेल. ते कोकणात बाणकोटला गेले आणि त्याच वर्षी मरण पावले. त्यांच्या मागोमाग जी मंडळी आली त्यांत जेम्स मिचेल हे एक. आडनाव तेच, परंतु माणूस निराळा. बाणकोट आणि हर्णै ही या मिशनची आरंभीची ठाणी. समुद्र, खाडी, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि ताप यांच्या सोबतीने या मंडळींनी तेथे शाळा चालविल्या. पुढे १८३० च्या आसपास जॉन स्टीव्हन्सन आणि जेम्स मिचेल यांनी पुण्यात काम सुरू केले.

त्या वेळचे पुणे कसे होते, हे ध्यानात घ्यावयास हवे. शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढून पुरते एक तपच लोटले होते. कालपर्यंत राज्य ज्यांच्या हाती होते त्या पेठांमध्ये मनाची जखम ओली होती. एल्फिन्स्टनसाहेबांचे धोरण सावध होते. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात त्यांच्या कारकिर्दीत संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती. अशा शहरात एका परक्या नवरा-बायकोने बिऱ्हाड मांडून मुलींना शिकवू असे म्हणणे, हे धाडस होते आणि काहींच्या दृष्टीने आगाऊपणाही होता.

त्या काळचा प्रवास आज आपणांस कल्पनेतही येणार नाही. सुएझचा कालवा खुला झाला तो १८६९ मध्ये. १८२३ साली येणारे जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून यायचे आणि त्यास चार-पाच महिने लागत. घरच्या पत्राला उत्तर मिळेपर्यंत वर्ष सरत असे. आई आजारी आहे हे कळेपर्यंत आई जाऊन महिने झालेले असत. मुंबईहून पुण्यास यावयाचे तर बोरघाट चढावा लागे. गाडीरस्ता झाला तो १८३० मध्ये. पुण्यास आगगाडी पोहोचली १८५८ मध्ये, आणि घाटातील लोहमार्ग पुरा होऊन मुंबई-पुणे सलग जोडले गेले ते १८६३ साली. म्हणजे मिचेल दांपत्याच्या पुण्यातील बहुतेक सेवेचा काळ हा बैलगाडी, तट्टू आणि पालखी यांचा काळ होता.

त्या पिढीच्या मिशनरी घरांचा दिवस साधारण एकाच ठरावीक वळणाचा असे. सकाळी घरची प्रार्थना. मग पंडिताजवळ बसून मराठीचा पाठ. आज आपण मोल्सवर्थचा कोश सहज कपाटातून काढतो, परंतु तो प्रथम छापला गेला १८३१ मध्ये. त्याआधी आलेल्या माणसांनी शब्द तोंडातोंडीच गोळा केले. साहेब मुलग्यांच्या शाळेकडे जात, दुपारी भेटीस आलेल्यांशी वाद-संवाद करीत, संध्याकाळी रस्त्यावर उपदेश करीत आणि थंडीचे दिवस आले की तंबू घेऊन गावोगाव फिरत. आणि मडम? तिच्या दिनचर्येस नाव नव्हते. ती घर चालवी. घरातल्या नोकरचाकरांची, आल्यागेल्याची, आजाऱ्याची व्यवस्था तिच्याकडे. आसरा मागत आलेल्या नवख्रिस्ती मुलाला जेवू घालणे तिच्याकडे. आणि या सर्वातून उरलेल्या वेळात, की या सर्वाच्या अगोदर कोण जाणे, ती मुलींना गोळा करून मुळाक्षरे आणि शिवणकाम शिकवी.

अशा घरांचा प्रभाव कोठवर जाई, याचे एक उदाहरण आपणांस ठाऊक आहे. जोतीराव फुले यांना लहानपणी ज्यांनी सांभाळले त्या सगुणाबाई क्षीरसागर या एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळण्याच्या कामावर होत्या, असे चरित्रकार सांगतात. तेथे त्यांच्या कानांवर इंग्रजी पडले आणि शिकण्याचे मोल त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे जोतीराव-सावित्रीबाईंच्या प्रयत्नांत त्याही सहभागी झाल्या. उपदेशपीठावरून झालेल्या एखाद्या प्रवचनाचा असा परिणाम आम्हांस ठाऊक नाही. तो मुलांच्या पाळण्याजवळ, घरातल्या वागण्यातून झाला.

मुंबईत याच स्कॉटिश मंडळींपैकी डॉ. जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट १८२९ मध्ये आले होते. मार्गारेटबाईंनी मराठी शिकून लगोलग मुलींच्या शाळा काढल्या. अवघ्या सहा वर्षांत, १८३५ च्या एप्रिलमध्ये, त्या वारल्या. तीन वर्षांनी पतीने त्यांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले, म्हणून मार्गारेट हे नाव जगाला ठाऊक राहिले. पुण्याच्या मिचेलबाईंना असा चरित्रकार लाभला नाही. त्या दीर्घकाळ रोजचे काम करीत राहिल्या, हाच जणू त्यांचा दोष! अकाली गेलेल्यांची गाथा होते. रोज उठून शाळा उघडणाऱ्यांची फक्त हजेरी लागते, आणि पुष्कळदा तीही लागत नाही.

मुलींची शाळा चालविणे म्हणजे नुसते शिकविणे नव्हते. आधी मुली मिळवाव्या लागत. मुलगी शिकली तर विधवा होते, असा समज घट्ट होता. वरच्या जातींची दारे बंद, आणि कष्टकरी घरांतील मुलगी म्हणजे धाकट्या भावंडांना सांभाळणारा हात. तो हात शाळेत गेला तर आईने कामावर कसे जावे? आज आलेली मुलगी उद्या लग्न होऊन सासरी जाई. शिकविण्यास स्त्री मिळत नसे, म्हणून पंतोजी ठेवावे लागत, आणि पुरुष शिकवितो म्हणून आणखी मुली घटत. या गाठीवर उपाय एकच होता : शिकविणाऱ्या स्त्रिया तयार करणे. मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलचे महत्त्व येथे आहे. केवळ विद्यार्थिनी नव्हे, तर शिक्षिका घडविण्याचा तो प्रयत्न होता.

या दांपत्याच्या आयुष्यात एक कसोटीचा क्षण १८४३ साली आला. १८३५ मध्ये हे मिशन चर्च ऑफ स्कॉटलंडकडे सोपविले गेले होते. आठ वर्षांनी त्या चर्चमध्ये सरकारी हस्तक्षेपाच्या प्रश्नावरून मोठी फूट पडली आणि शेकडो धर्मोपदेशक आपापली चर्चे, घरे आणि निश्चित वेतन सोडून बाहेर पडले. त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. भारतातील त्या चर्चच्या सर्व मिशनऱ्यांनी फ्री चर्चची बाजू घेतली. तत्त्वासाठी घेतलेला हा निर्णय इतिहासात पुरुषांच्या नावावर नोंदला गेला आहे. परंतु पुढल्या महिन्याचा पगार कोण पाठविणार याची खात्री नसताना परमुलखात घर आणि शाळा चालविणे कोणाच्या वाट्याला आले असेल, हे आमच्या वाचक-भगिनींस सांगावयास नको.

नेमक्या याच काळात जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते. लोकनिंदेमुळे वडिलांनी त्यांचे शिक्षण बंद केले होते. शेजारचे मुन्शी गफार बेग आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये हा मुलगा पुन्हा शाळेत गेला. १८४७ पर्यंत तो तेथे होता. पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, नगरला जाऊन फरारबाईंच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. शिक्षिका म्हणून उभी केली ती आपलीच पत्नी.

येथे आम्ही एक अनुमान मांडतो. ते अनुमान आहे, पुरावा नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. जोतीरावांनी मिशनच्या शाळेत गणित, इतिहास, इंग्रजी शिकले, असे आपण म्हणतो. परंतु त्या वयातील मुलगा पुस्तकाबाहेरही पुष्कळ पाहत असतो. नवरा मुलग्यांना शिकवितो आणि बायको मुलींना शिकविते, दोघे एकाच कामाची दोन टोके धरून चालतात, असे दृश्य त्यावेळच्या पुण्यात अन्यत्र कोठे होते? विद्वान नवरे पुष्कळ होते, सुशील बायका पुष्कळ होत्या, परंतु एकाच सार्वजनिक कार्यात बरोबरीने उभे असलेले नवरा-बायको नव्हते. जोतीराव-सावित्रीबाई हे आधुनिक महाराष्ट्राचे पहिले कार्यकर्ते दांपत्य. त्यांच्यापुढे मिचेल दांपत्याचे उदाहरण होते, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

परंतु अनुमान येथेच थांबविले पाहिजे. जोतीरावांनी मिशनऱ्यांकडून घेतले ते डोळसपणे घेतले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि स्वतःची वाट स्वतः काढली. मिचेलबाईंस घरातून बाहेर पडल्यावर अंगावर चिखल-शेण झेलावे लागले होते, असे कोणी म्हणणार नाही. सावित्रीबाईंना ते झेलावे लागले. साहेबाची बायको आणि माळ्याची सून यांच्या धैर्याची किंमत समाजाने सारखी ठेवली नव्हती. म्हणून ‘मिशनऱ्यांनीच सारे केले’ असे म्हणणे जितके चूक, तितकेच ‘मिशनऱ्यांनी काहीच केले नाही’ असे म्हणणेही चूक. दिवा फुले दांपत्याने लावला. वात पेटविण्यास निखारा कोठून आणला, हे सांगितल्याने दिव्याचा उजेड कमी होत नाही.

स्वतः जोतीरावांनी हे ऋण लपविले नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मिशनऱ्यांनी पुण्यात काढलेल्या मुलींच्या शाळेचा उल्लेख केला आणि आपण काही वर्षे मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत शिक्षक होतो, हेही सांगितले. १८५५ मध्ये त्यांनी लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात पाद्रीसाहेबाचे पात्र आहे. त्या नाटकाच्या शेवटी शेतकरी आणि त्याची बायको दोघेही रात्रीच्या शाळेत जावयास निघतात. एकटा नवरा नव्हे, दोघेही. त्याच वर्षी सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीचा अस्पृश्यांच्या दुःखावरील निबंध अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. मिशनचे पत्र आणि फुल्यांची विद्यार्थिनी यांची ही भेट दोन्ही बाजूंस शोभा देणारी आहे.

मिशनरी दांपत्यांची दुसरी बाजूही आपण प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. स्वतः जोडीने सेवा करणाऱ्या या मंडळींच्या प्रचारामुळे येथील कित्येक जोडपी दुभंगली. बाबा पदमनजी १८५४ मध्ये बेळगावी ख्रिस्ती झाले आणि त्यांचा पहिला संसार मोडला. पुढच्या काळातील रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कथा तर ‘स्मृतिचित्रे’मुळे घराघरांत पोहोचली आहे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंनी जी ताटातूट सोसली, ती वाचताना कोणत्याही पंथाच्या वाचकाचे डोळे कोरडे राहत नाहीत. लक्ष्मीबाई पुढे आपल्या पायांनी आणि आपल्या विचाराने ख्रिस्ताकडे आल्या. परंतु ज्या परत आल्या नाहीत, त्यांच्या दुःखाचे पुस्तक कोणी लिहिले नाही. सुवार्ता आणणाऱ्यांनी या अश्रूंचा हिशेब नेहमीच ठेवला, असे म्हणता येणार नाही.

आता थोडे दुसऱ्या मिचेल दांपत्याविषयी. जेम्स मिचेल यांच्याच मिशनमध्ये डॉ. जॉन मरे मिचेल हे १८३८ साली मुंबईस आले. मुंबई व पुणे ही त्यांची कार्यक्षेत्रे. दोघांच्या आडनावामुळे मराठी लेखनात पुष्कळदा घोटाळा होतो, म्हणून हा खुलासा. मरे मिचेल विद्वान होते. तुकाराममहाराजांवर त्यांनी १८४९ च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात लेख लिहिला. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राचे इंग्रजी रूप १८९० मध्ये प्रसिद्ध झाले, तेही त्यांच्याच संपादनाखाली. त्यांच्या पत्नीचे नाव मारिया.

या दांपत्याची गोष्ट वेगळी आहे ती वयामुळे. मायदेशी परतल्यानंतर, वयाची पन्नाशी उलटल्यावर, ज्या वयात माणसे आरामखुर्ची शोधतात त्या वयात हे दोघे पुन्हा भारतात आले. या खेपेस मराठी मुलूख नव्हे, तर बंगाल. नवे लोक, नवी भाषा. मारियाबाईंनी तेथील आदिवासींमधील अनुभवांवर १८७१ मध्ये पुस्तक लिहिले. १८७६ मध्ये भारतातील जीवन व प्रवास यांवर दुसरे. आणि १८८५ मध्ये दक्षिण भारतातील मिशनांवर तिसरे. मरे मिचेलसाहेबांनी पश्चिम भारतातील आपल्या उमेदीच्या दिवसांच्या आठवणी १८९९ मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मारियाबाई लेखिका होत्या, म्हणून त्यांचे नाव तरी पुढे आले असेल, असे वाटेल. परंतु त्यांची पुस्तके उघडली की मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव दिसते : ‘मिसेस मरे मिचेल’. आणि १८७१ च्या पुस्तकाच्या नावातच ‘मिशनऱ्याची पत्नी’ असे शब्द आहेत. डोळे तिचे, लेखणी तिची, शब्द तिचे. नाव मात्र पतीचे. हा काही एका मिचेलसाहेबांचा दोष नव्हे. त्या काळची सभ्यता तशीच होती. पण ज्या काळात पुण्याची सावित्री आपल्या काव्यसंग्रहावर, १८५४ साली, स्वतःचे नाव घालीत होती, त्याच काळात तिला शिकविणाऱ्या देशाच्या लेखिका पतीच्या नावाआडून लिहीत होत्या, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शिष्येने एका पावलाने गुरूस मागे टाकले होते!

वाचक विचारतील, हे सारे प्रॉटेस्टंटांचे पुराण आपण का उगाळावे? याचे एक कारण असे की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्येच आपणांस विभक्त बांधवांच्या सत्कार्याकडे कृतज्ञतेने पाहावयास शिकविले, आणि त्याच वर्षी कुटुंबाला ‘गृह-ख्रिस्तसभा’ म्हटले. परंतु आमच्या मनात त्याहून जवळचे कारण आहे.

अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, १८७८ पासून आपल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी मिशनकार्य आरंभिले. केंदळ, संगमनेर, राहाता, वळण ही नावे पुण्याच्या अनेक कुटुंबांना आपल्या आजोळासारखी आहेत. त्या खेड्यांमध्ये फादर घोड्यावरून महिन्या-दोन महिन्यांनी येत. रोज तेथे असत ते ‘मास्तर’. शाळा घेणे, प्रार्थना शिकविणे, मरणाऱ्याजवळ बसणे, लग्नाची बोलणी जुळविणे ही मास्तरांची कामे. आणि मास्तरांच्या बरोबर असत मास्तरीणबाई. त्या मुलींना जपमाळ शिकवीत, बाळंतिणीकडे धावत, देऊळ सारवीत, फादरांच्या जेवणाचे पाहत, आणि मास्तर आजारी पडले तर शाळेतही उभ्या राहत. मास्तरांचा पगार तुटपुंजा, पण होता. मास्तरीणबाईंचा पगार नव्हता. मास्तरांची बदली झाली की त्यांचीही होई. मास्तर निवृत्त झाले की त्याही निवृत्त होत, फक्त त्यांच्या निवृत्तीस निरोपसमारंभ नसे.

म्हणजे मिशनरी दांपत्य आपल्याकडे नव्हते, असे जे आम्ही आरंभी म्हटले ते पुरते खरे नाही. ते होते. आपण त्यास त्या नावाने हाक मारली नाही, एवढेच.

आमच्या आठवणीतील एक गोष्ट सांगून हा लेख आवरता घेतो. एका धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही जुन्या मास्तरांची यादी करीत होतो. यादी छान झाली. नाव, गाव, सेवेची वर्षे, सारे नीट लागले. मग आम्ही मास्तरीणबाईंची नावे विचारू लागलो. सत्तरी ओलांडलेली माणसे, ज्यांनी त्या बायांच्या हातची भाकरी खाल्ली, त्यांच्याच मांडीवर बसून ‘हे आमच्या बापा’ म्हणावयास शिकले, ती विचारात पडली. “मास्तरीणबाईच म्हणायचो आम्ही,” ती म्हणाली. अकरा नावांपैकी चार मिळाली. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या चाळल्या, धर्ममाता म्हणून कोठे सही-अंगठा सापडतो का पाहिले, तेव्हा आणखी दोन हाती आली. उरलेल्या पाच स्मरणिकेत ‘सौ. मास्तर’ म्हणून छापल्या गेल्या. त्या दिवशी आम्हांस मिचेलबाईंची प्रथम आठवण झाली.

भिडेवाड्याची पडकी वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आली. पुणे विद्यापीठास २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे. ज्या स्त्रीचे नाव घेणे एके काळी पुण्यास जड जात होते, तिच्या नावाने आज पदव्या दिल्या जातात. हा न्याय उशिरा झाला, पण झाला. तो झाला कारण कोणीतरी तिची पत्रे जपली, कविता जपल्या, आठवणी लिहून ठेवल्या.

आपल्या हातून एवढे तरी व्हावे. आपल्या धर्मग्रामात अजून एखाद्या मास्तरीणबाई हयात असतील. कोणाची आजी असेल, कोणाची शेजारीण असेल. येत्या रविवारी मिस्सेनंतर तिच्याकडे जावे, तिच्या हाताचा चहा घ्यावा आणि वहीत चार गोष्टी टिपून घ्याव्यात : कोणत्या गावी होता, किती वर्षे होता, कोणाकोणाला शिकविले. आणि सर्वांत आधी तिचे स्वतःचे नाव विचारावे. माहेरचेही विचारावे. ते नाव तिला कदाचित पुष्कळ वर्षांत कोणी विचारले नसेल.